खुंटी कधी लावायची

वेइयोच्या पायांना उसंत म्हणून नाही. अडुसष्ट वर्षांचा झाला, लाकूड कारखान्यातली नोकरी सुटून सहा वर्षं झाली, तरी माझ्या गिरणीत आला की एक पाय आत आणि एक बाहेर. बस म्हटलं तर खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत उभा राहतो. चाळीस वर्षं त्याने करवतींना धार लावली. त्यातली एखादी अजून त्याच्या पोटात चालू असावी असं मला वाटतं.

मी सुलो. आमच्या गावात धान्य दळायची आणि भरडायची एकच गिरणी उरली आहे, ती माझी. बाटलीतून येते तिला आम्ही बीअर म्हणतो. घरी मोडाचे जव भरडून, गरम पाण्यात भिजवून, लाकडी डोणीतून गाळून, आंबवून करतो ती साहती. साहती करणारा प्रत्येक माणूस आपलीच खरी समजतो आणि दुसऱ्याचीला चिखल म्हणतो. मी सगळ्यांचे जव भरडतो आणि कुणाच्याही साहतीबद्दल बोलत नाही. म्हणून माझी गिरणी अजून चालू आहे.

वेइयोचं खूळ सुरू झालं नाताळात. त्याची आई साइमी त्र्याण्णव वर्षांची आहे. तालुक्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात ती चार वर्षं राहते. गुडघे गेले, कान अर्धे गेले, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख. नाताळात वेइयो आणि त्याची बायको इर्या तिला भेटायला गेले, तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "येत्या योहानुसला मला एकदा घरी ने. अंगणात बसून एक मग प्यायचाय. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही."

योहानुस म्हणजे आमचा उन्हाळ्याच्या ऐन मध्यातला सण. त्याला साहती नसेल तर तो आमच्याकडे नुसता शनिवार. आश्रमातल्या नर्सबाईंनी एक दुपार कबूल केली. पाच वाजेपर्यंत परत आणून सोडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेइयो माझ्या दारात हजर.

"सुलो, बाबांची साहती कशी होती, आठवते तुला?"

"आठवते. ओठाला चिकटायची."

"आणि माझी?"

मी यंत्राचा पट्टा तपासायला लागलो.

"बोल ना! माझी चिकटते का?"

"तुझी घशाखाली उतरते. तेही काही कमी नाही," मी म्हणालो.

माझी चूक झाली. गप्प बसायला हवं होतं. त्याचा बाप विहतोरी जाऊन तीस वर्षं झाली, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्यांत अजून त्याच्या साहतीची आठवण निघते. अशी दाट की प्यायचा मग रिकामा केला तरी तळाशी बोट फिरवावंसं वाटायचं. वेइयोने मनाशी ठरवलं की आई शेवटचा मग पिणार, तर तो बापाच्या हातच्यासारखाच असला पाहिजे. आणि आपली साहती पातळ का, याचं कारणही त्याने स्वतःच शोधून काढलं. आपण जवातली गोडी पुरती काढतच नाही.

त्याने काचेची एक तरंगती नळी आणली. रसात सोडली की जितकी वर तरंगेल तितका रस गोड. मग वही आली, पेन्सिल आली, आकडेमोड आली. जवात मुळात शंभर भाग गोडी असेल तर डोणीतून खाली किती भाग उतरली, तो उतारा. एवढं मला समजावून द्यायला त्याने एक सकाळ घेतली. जानेवारीतला पहिला घाणा झाला आणि तो बर्फातून तसाच घरच्या चपला घालून माझ्याकडे आला.

"अठ्ठावन्न!"

"काय अठ्ठावन्न? ब्लडप्रेशर?"

"उतारा! शंभरातले फक्त अठ्ठावन्न! बाकीचे बेचाळीस कोण खातं माहितीये? तुझी डुकरं!"

हे मात्र खरं होतं. गाळून झाल्यावर डोणीत राहणारा चोथा माझ्या डुकरांना येतो. मी म्हणालो, "डुकरांतर्फे मी तुझे आभार मानतो." तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण साधं नाही.

फेब्रुवारीत त्याने माझं डोकं खाल्लं. भरड बारीक कर म्हणे. मी सांगितलं, बाबा रे, सालं अख्खी राहू देत, सालांच्या जाळीतूनच रस गळतो, बारीक केलंस तर लगदा होईल. ऐकतो कोण? मी यंत्रातले दोन्ही रूळ जवळ आणले आणि त्याला जवळजवळ पीठच करून दिलं. म्हटलं घे, तुझं तूच भोग.

त्या दिवशी इर्याचा फोन आला. "सुलो, येऊन बघ तुझा मित्र काय करतोय."

त्यांची डोण विहतोरीने एका ओंडक्यात कोरलेली. तळाला आडव्या काटक्या, काटक्यांवर राईचा नव्हे, राय धान्याचा पेंढा, पेंढ्यावर जुनिपरच्या फांद्या, आणि पुढच्या टोकाला भोकात लाकडी खुंटी. भिजवलेली भरड डोणीत ओतायची, खुंटी उपसायची, रस खाली बादलीत. वेइयोने खुंटी उपसली होती आणि भोकातून थेंब पडत होता. एक. मग बऱ्याच वेळाने दुसरा. वर डोणभर कणीक बसली होती. हा बाबा गुडघ्यावर बसून भोकाला तोंड लावून आत फुंकत होता. उठला तेव्हा दाढीला पीठ, नाकाला पीठ.

"वाढदिवसाचा केक करतोयस का?" मी विचारलं.

"गप्प बस आणि तो दांडा धर," तो म्हणाला.

तीन तास आम्ही ती कणीक उकरत होतो. शेवटी इर्याने त्या कणकेच्या पोळ्या भाजल्या आणि आठवडाभर त्या दोघांनी त्याच खाल्ल्या. मी दोनदा जेवायला नाही म्हणालो.

पण हरल्यावर गप्प बसेल तो वेइयो कसला. मार्चमध्ये मीच त्याला युक्ती सांगितली, कारण रोज दारात त्याचं तोंड बघवेना. भरडायच्या आधी जवावर थोडं पाणी शिंपडायचं आणि हाताने चोळायचे. साल लवचिक होते, तुटत नाही, आतला दाणा मात्र बारीक होतो. ते जमलं. मग त्याने भिजवलेली भरड दर पाव तासाने ढवळायला सुरुवात केली, कारण गाठींत कोरडं पीठ राहतं. सौनातला, म्हणजे घाम काढायच्या आमच्या वाफेच्या खोलीतला, थर्मामीटर काढून हंड्यावर टांगला. महिनाभर नवराबायको सौना किती तापलाय ते अंदाजाने ठरवत होती, आणि एकदा इर्या लाल होऊन बाहेर पळाली ती मी माझ्या कुंपणावरून पाहिली. औषधाच्या कपाटातलं आयोडीन गेलं. बशीत रसाचा थेंब घ्यायचा, त्यावर आयोडीन सोडायचं. निळं झालं तर पिठाची साखर व्हायची अजून बाकी आहे, थांबायचं. तो थांबायचा म्हणजे हंड्याभोवती फेऱ्या मारायचा.

"अडुसष्ट," एप्रिलमध्ये तो म्हणाला. मेमध्ये, "चौऱ्याहत्तर." वरून गरम पाणी घालताना तो आता बादली ओतत नव्हता, झारीने थेंब थेंब शिंपडत होता, आणि चोथ्यातला शेवटचा गोडवा खाली येईपर्यंत खुंटीला हात लावत नव्हता. अर्थात इतकं पाणी घातल्यावर रस पातळ होणारच. मग शेवटचं पातळ पाणी वेगळं धरून हंड्यात आटवायचं आणि दाट झालं की पहिल्या रसात मिसळायचं. दिवसभर चूल, दिवसभर वाफ. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा कागद सुटला.

मला खरं सांगायचं तर त्याच्याकडे बघून अस्वस्थ व्हायला लागलं होतं. वजन उतरलं होतं त्याचं. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि खिशातली वही काढायचा. आईला भेटायला जायचे रविवार त्याने तीनदा चुकवले, कारण रविवारी घाणा होता. मी एकदा बोललोही, "अरे, आईसाठी करतोयस ना? मग आईकडे जा की."

"योहानुसला देईन ना तिला," तो म्हणाला. "एकदाच द्यायचंय. चुकलं तर परत संधी नाही."

मी त्याचे जव यंत्रात ओतले.

सणाच्या दोन आठवडे आधीचा घाणा खरा. मीही गेलो होतो. खुंटी उपसल्यापासून सात तास डोण गळत होती. संध्याकाळी इर्या दाराशी आली. हातात तिची कळशी.

आता इर्याचं काम सांगायला हवं, कारण त्याकडे कुणी लक्ष देत नाही, मीही दिलं नव्हतं. पुरुषांच्या साहतीचा रस गाळून झाला की खुंटी लावतात. मग घरची बाई त्याच चोथ्यावर दुसरं पाणी घालते. ते गळतं त्याची 'मागची' होते. हलकी, किंचित गोड, चढत नाही. बायका पितात, दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे पितात. इर्या लग्न होऊन आली तेव्हा साइमीने तिला ही करायला शिकवली. वेइयोने आयुष्यात मागचीकडे ढुंकून पाहिलेलं नाही.

इर्याने चोथ्याची चिमूट तोंडात टाकली. चावली. मग थुंकली.

"वेइयो, यात काही नाहीये."

"नसणारच! त्र्याऐंशी!" त्याचे डोळे चमकत होते. "त्र्याऐंशी, इर्या! बाबांनासुद्धा जमलं नसेल!"

"मग माझी मागची कशाची करू?"

"कशाला हवी मागची? पन्नास लिटर साहती आहे. सगळ्यांना पुरून उरेल. तूही तीच पी."

इर्याने दुसरं पाणी घातलंच, दरवर्षीसारखं. जे गळलं ते कळशीत धरलं. मी चोथा पोत्यात भरून घरी नेला आणि डुकरांपुढे टाकला. त्यांनी हुंगला, आणि दोन्ही डुकरं पलीकडे जाऊन आडवी झाली. मी इतका हसलो की कुंपण धरावं लागलं. ही गोष्ट वेइयोला सांगितली तर तो खूश झाला आणि वहीत लिहून ठेवली.

योहानुसचा दिवस स्वच्छ उजाडला. दाराला बर्चच्या डहाळ्या, टेबलावर नवे बटाटे, खारवलेले मासे, शेपूची पानं. बारा वाजता वेइयोने गाडी अंगणात आणली आणि आईला उचलून खुर्चीत बसवलं. साइमी निळ्या झग्यात, डोक्याला रुमाल. तिने आधी तळ्याकडे पाहिलं, मग सौनाकडे, मग आमच्याकडे एकेक करून.

"सुलो, तू जाड झालास."

"तुम्ही मात्र तशाच आहात, साइमीकाकू."

"खोटारडा आहेस. बापावर गेलास."

वेइयो साहतीने भरलेला मग घेऊन आला. लाकडी मग, विहतोरीचाच. साहती तपकिरी, दाट, वर फेस नाही. मी सकाळीच चाखली होती. दाट होती, नाकारत नाही. ओठाला चिकटत होती. शेवटी मात्र जिभेच्या मागे जराशी तुरट लागत होती. सालं फार पिळली की लागतं तसं. पण मी साहतीबद्दल बोलत नाही.

साइमीने दोन्ही हातांनी मग धरला. घोट घेतला. वेइयो तिच्यासमोर उभा, हात कमरेवर, मग खिशात, मग परत कमरेवर.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"बाबांसारखी?"

"असेल. चांगली आहे." आणि तिने मग टेबलावर ठेवला, पाहुण्यांकडे चव न आवडलेलं ताट आपण हळूच बाजूला सारतो तसा. "आता माझी दे."

"काय तुझी?"

"मागची. इर्या, केलीस ना?"

इर्या उठली, आत गेली, आणि काचेच्या पेल्यात घेऊन आली. फिकट पिवळं पाणी. साइमीने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. दुसरा घेतला नाही. पेला मांडीवर धरून बसली.

"यात काहीच नाही गं."

"नाही, सासूबाई," इर्या म्हणाली. "चोथ्यात काही उरलंच नव्हतं."

वेइयोचा चेहरा मी पाहिला आणि मान फिरवली. "आई, पण ही घे ना," तो म्हणाला, "ही खरी साहती. ही मी तुझ्यासाठीच, नाताळापासून..."

"मी कधी प्यायलेय रे ही? चाळीस वर्षं डोणीपाशी उभी होते, पण तो मग तुम्हा पुरुषांचा. मी दुसऱ्या पाण्याची प्यायचे. सगळ्या बायका प्यायच्या." साइमी मजेत बोलत होती, तक्रार अशी नव्हती. "तुझा बाप खुंटी लावायचा ना, तेव्हा रस अजून गोड येत असायचा. मी दारात कळशी घेऊन उभी राहायचे. बोलायचे नाही काही. तो वळून बघायचा आणि खुंटी लावायचा. माझी सासू ओरडायची, अजून एक बादली निघाली असती म्हणून. तो म्हणायचा, झालं आता, बस."

"रस गोड असताना लावायचा?" वेइयोने विचारलं.

"मग? म्हणून तर त्याची दाट व्हायची. पहिला दाट रस तेवढा घ्यायचा तो. आणि माझी मागची आख्ख्या गावात गोड असायची. बायका वाटी घेऊन यायच्या."

सहा महिने मी या माणसाला भरड बारीक करून दिली, युक्त्या सांगितल्या, आणि डुकरांनी चोथा टाकला तेव्हा हसलो. विहतोरीला आम्ही सगळे ओळखत होतो. तो डोणीशी कसा उभा राहतो ते मी लहानपणापासून शंभर वेळा पाहिलं होतं. दारात कोण उभं आहे ते मी एकदाही पाहिलं नव्हतं.

साइमीने बटाटे खाल्ले, मासा खाल्ला, तळ्याकाठी खुर्ची नेऊन बसली. पाणी बघत होती आणि खूश दिसत होती. तिने वेइयोच्या गालावर हात ठेवला आणि छान दिवस झाला म्हणाली. पाचला पाच मिनिटं असताना वेइयोने तिला परत सोडलं. पन्नास लिटर साहती गावाने संपवली आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. तो आभार मानत होता, पण कुणी काय म्हटलं ते त्याला ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

सोमवारी सात वाजता तो गिरणीत. पाय एकाच जागी होते, त्याचीच मला भीती वाटली.

"दहा किलो भरड. जाडसर. तू आधी देत होतास तशी."

भरडून झाल्यावर मीही त्याच्या मागे गेलो. वही नव्हती, नळी नव्हती. थर्मामीटर सौनात परत टांगलेला. रस गळायला लागला, एक बादली भरली, दुसरी अर्धी झाली. वेइयो बोट धारेखाली धरून चाखत होता. दर मिनिटाला चाखायचा. इर्या कळशी घेऊन दारात आली आणि उभी राहिली. त्याने मागे वळून पाहिलं. मग खुंटी उचलली आणि भोकात बसवली.

"गोड येतोय की अजून," इर्या म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्यासाठी हंड्यातलं पाणी स्वतः काढून दिलं.

मागची आंबून तयार व्हायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत त्याने आश्रमात रोज फोन केला. आई जेवली का, झोपली का, खोकला आहे का. नर्सबाई वैतागल्या. नवव्या दिवशी साइमीला ताप आला आणि वेइयो माझ्या अंगणात येऊन कुंपणाचे खिळे मोजत फिरला. दहाव्या दिवशी ताप उतरला.

रविवारी गाडी मी चालवली, कारण त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायची माझी हिंमत नव्हती. तो मागे बसला, दुधाची बाटली दोन्ही हातांत धरून. बाटलीत मागची होती. वळणावर मी ब्रेक मारला तर मला शिव्या पडल्या.

साइमी पलंगावर उशीला टेकून बसली होती. दोन आठवड्यांत चेहरा लहान झाला होता. वेइयोने पेला भरला आणि तिच्या ओठाला लावला, कारण आता तिला दोन्ही हातांनी धरवत नव्हता. तिने एक घोट घेतला. डोळे मिटले. मग दुसरा घेतला, मग तिसरा. अर्धा पेला संपला.

"खुंटी कुणी लावली?" तिने विचारलं.

"मी."

"अं." तिने ओठ चाटले. "आणखी थोडी आधी लावायला हवी होतीस."

वेइयोने मान हलवली. तिने उरलेलं संपवलं आणि झोपी गेली. आम्ही बाटली तिच्या कपाटात ठेवली आणि नर्सबाईंना सांगितलं, रोज थोडी द्या.

गाडीत बसल्यावर तो पुढच्या सीटवर आला. रस्ताभर बोटं गुडघ्यावर वाजत होती. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. एक घाणा, मग दहा दिवस. आई त्र्याण्णव वर्षांची. तोही हाच हिशेब करत असणार, आणि माझ्यासारखाच कुठल्याही आकड्यापाशी थांबत नसणार.

"सुलो," तो म्हणाला, "गिरणी उद्या सकाळी किती वाजता उघडतोस?"

आयुष्यभर रविवारी मी गिरणीच्या पट्ट्याला हात लावला नाही, पाद्रीबुवांसाठीसुद्धा नाही.

"उद्या कशाला," मी म्हणालो. "जव घेऊन आजच ये."